तिसाव्या वर्षीचा विद्यार्थी

सुरतेजवळ कोसाडला नोकरीनिमित्त येऊन मला बरीच वर्षे झाली. एम.एस्सी.चा अर्ज दोन महिने पडून होता. तिशी उलटल्यावर पोरांच्या बाकावर बसायचे कसे? तेव्हा शंकर पुरुषोत्तम आघारकर आठवले.

१८८४ साली मालवणला जन्मलेले आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत आणि सह्याद्री पालथा घालीत. सातारा भागातील नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर ही जात आफ्रिकेपुरतीच समजत. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक नेमले. एवढे पद हाती असता, १९१४ मध्ये, हे गृहस्थ बर्लिनला विद्यार्थी होऊन गेले! लगेच महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून काही काळ स्थानबद्धता आली. पण वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या मुलखातल्या झुडपांचा अभ्यास त्यांनी सोडला नाही, आणि १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मग कलकत्त्यास अध्यापन. निवृत्तीनंतर, १९४६ मध्ये, पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली. १९६० मध्ये ते वारले.

घरी म्हणतात, प्रमोशनला याचा उपयोग नाही. नसेल. अर्ज मात्र काल भरून दिला.