पुण्याची दुर्बीण आणि प्राध्यापक नायगमवाला

देशातील सर्वांत मोठी दुर्बीण एके काळी पुण्यात होती, हे आज पुणेकरांनाही सहसा ठाऊक नसते. ती उभारणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला १८५७ साली जन्मले. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असता भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून त्यांनी पाच हजारांची देणगी मिळविली. सरकारनेही तेवढीच रक्कम घातली. हेतू वर्णपटाच्या प्रयोगशाळेचा होता. पण १८८४ मध्ये इंग्लंडला गेले असता तेथील ज्योतिर्विदांच्या सल्ल्याने प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. तिच्यासाठी मुंबईपेक्षा पुणे बरे. लोणावळा-खंडाळ्याचे ढग मागे टाकून मावळातून पूर्वेस यावे तशी हवा कोरडी होत जाते. १८८५ मध्ये नायगमवालाही पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले. अर्थात पावसाळ्याचे चार महिने येथेही वायाच!

त्या काळी लॉकियर यांचा शब्द म्हणजे जवळजवळ शास्त्रार्थ. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे आणि त्यांच्या प्रकाशातील हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड, असे त्यांचे मत होते. तसे असते तर ती रेषा एका अंगाला पुसट दिसावयास हवी होती. नायगमवालांनी मृगातील तेजोमेघ तपासला. रेषा दोन्ही अंगांनी रेखीव निघाली. हा निष्कर्ष त्यांनी १८९१ मध्ये निःसंकोच प्रसिद्ध केला. पारतंत्र्यातील एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने एवढे धाडस करावे, हे लहान नव्हे. ती रेषा प्राणवायूची, हे बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखविले.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि उत्तराधिकारी नेमण्याऐवजी वेधशाळाच मोडण्यात आली. वीस इंची आरशाची दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९३८ मध्ये नायगमवाला वारले.

कोडाईकनालची वेधशाळा १९७१ पासून भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा भाग आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटरवरील कक्षेत गेलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरील अतिनील दुर्बीण याच संस्थेने इतरांच्या साहाय्याने घडविली, त्यांत पुण्याची ‘आयुका’ही होती. अतिनील किरण वातावरणातच अडतात, म्हणून ती वर न्यावी लागली. तिचा आरसा साडेसदतीस सेंटिमीटरचा. नायगमवालांचा सुमारे एक्कावन्न.