रहीमसाहेब : मैदानावरील शाळामास्तर

आमच्या कन्हानहून नदीचा पूल ओलांडला की कामठी लागते. छावणीच्या या गावाला फुटबॉलचा नाद जुना आहे. आपल्या समाजाची मुलेही तिकडे खेळावयास जातात आणि घरी आल्यावर बोलणी खातात. खेळाने मुलाचे कल्याण कसे होणार, ही पालकांची शंका अगदीच निराधार नाही. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही सय्यद अब्दुल रहीम यांचे चरित्र निवडले आहे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते; परंतु ते शिक्षक होते, आणि शिक्षक सर्वांचाच असतो.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या काळी त्याच संस्थानात होते. उस्मानिया विद्यापीठात शिकत असता ते तेथील संघातून फुटबॉल खेळले. पदवीनंतर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळांतून मुलांना खेळ शिकविला. १९४३ साली हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले, ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

त्यांची शिकविण्याची रीत खऱ्या शाळामास्तराची होती. चेंडू पायाशी घोळवीत राहण्यास मनाई असलेले सामने ते मुलांसाठी भरवीत. त्यामुळे मुले चेंडू तत्काळ सोबत्याकडे देण्यास शिकत. कधी केवळ दुबळ्या पायानेच खेळण्याचा नियम असे. ज्या विषयात मूल कच्चे, त्याचाच अभ्यास अधिक, हे आम्हा शिक्षकांचे तत्त्व त्यांनी मैदानावर नेले. १९५० पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाला तयार केले. या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला.

१९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने त्यांच्या मार्गदर्शनाखाली इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. पुढल्याच वर्षी हेलसिंकी येथे मात्र युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा दारुण पराभव झाला. आपले कित्येक खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले. मूळ गोव्याचे नेव्हिल डिसूझा यांनी त्यात तीन गोल केले. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याहून वरचे स्थान आपणांस आजवर लाभलेले नाही. १९६० साली रोम येथे फ्रान्ससारख्या संघालाही आपण १-१ असे बरोबरीत रोखले.

अखेरची कसोटी १९६२ साली जाकार्ता येथे होती. रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कर्करोग जडला होता. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. पुढे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना बचावातून काढून आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाशीच गाठ पडली. प्रचंड प्रेक्षकवर्ग भारताच्या विरोधात गर्जत होता. पी. के. बॅनर्जी आणि त्याच जर्नेलसिंगांनी एकेक गोल केला व भारत २-१ असा विजयी झाला. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब निवर्तले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर मिळाले नाही. गुरुजनांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. तोवर त्यांना जाऊन बावीस वर्षे लोटली होती.

खेळाडूचे नाव होते आणि शिकविणारा मागे राहतो, ही रीत आम्ही शाळेतही पाहिली आहे. आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात परीक्षेत चमकलेल्या मुलांना शाल-श्रीफळ मिळते, हे योग्यच आहे. त्यांच्याच पंक्तीत मैदान गाजविणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांना घडविणाऱ्या क्रीडाशिक्षकांनाही स्थान मिळावे, अशी आमची समाजबांधवांस नम्र विनंती आहे. शिक्षकाचा गौरव तो हयात असताच व्हावा, एवढेच या चरित्रावरून आम्हांस सांगावयाचे आहे.