पिसांच्या रंगातील खूण

शास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांचा जन्म १८७५ साली इंग्लंडमध्ये झाला. बालपणी आजारातून उठत असताना निसर्गविषयक ग्रंथ वाचून त्यांना जीवसृष्टीची गोडी लागली. पुढे केंब्रिज येथे बेटसन यांच्यासह त्यांनी कोंबड्यांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अन्नटंचाई झाली. कोंबडा अंडी देत नाही. परंतु कोवळ्या पिलांत नर-मादी ओळखू येत नसल्याने सर्वांनाच काही आठवडे दाणा घालावा लागे. पिलांच्या रंगावरून ती ओळखावीत, असे पनेट यांनी सुचविले. उदाहरणार्थ, सोनेरी कोंबडा व रुपेरी कोंबडी यांच्या संततीत आईचा रुपेरी गुण केवळ नरांत उतरतो. माद्या बापासारख्या सोनेरी होतात. त्यामुळे पिलू अंड्यातून बाहेर पडताच ओळखता येते.

पनेट १९६७ साली निवर्तले. पिसांच्या रंगाचा त्यांनी केलेला अभ्यास टंचाईच्या काळात मूठभर दाणा वाचविण्याच्या कामी आला.