डॉ. कमल रणदिवे

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविणारे दिनकरराव समर्थ यांच्या घरी ८ नोव्हेंबर १९१७ रोजी कमलचा जन्म झाला. हुजूरपागेतील शिक्षण संपल्यावर तिने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु तिचे मन वनस्पती व प्राणी यांच्या अभ्यासातच रमले. तिने तीच वाट धरली.

१९३९ साली विवाह होऊन कमलताई मुंबईस आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कर्करोगाचे संशोधन आरंभिले. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. निरोगी पेशी मर्यादेने वाढते. कर्करोगाची पेशी मर्यादा सोडून वाढतच राहते. ती अशी का बिघडते, हे शरीराच्या आत पाहणे अवघड असते. म्हणून शास्त्रज्ञ तिला काचपात्रात जिवंत ठेवतात. तिला पोषक द्रव व शरीराइतकी ऊब द्यावी लागते. एखादा जंतू आत शिरला, तर अनेक दिवसांचे श्रम वाया जातात. ही विद्या कमलताईंनी अमेरिकेत डॉ. जॉर्ज गाय यांच्यापाशी संपादन केली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात या कामाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. उंदरांवर प्रयोग करून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध अभ्यासिला.

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे संचालकपद सांभाळिले. विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांना एकमेकींचा आधार मिळावा, म्हणून १९७३ साली भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. आदिवासी मुलांच्या पोषणाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. २००१ साली त्या निवर्तल्या.

आज शास्त्रज्ञ पेशीच्याही आत डोकावत आहेत. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका नादुरुस्त झाल्या, की पेशी त्या वेचून मोडून टाकते. कर्करोगाची पेशीही पुष्कळदा याच व्यवस्थेच्या बळावर औषधापुढे तग धरते. तिचे हे बळ कसे मोडावे, याचा शोध काचपात्रात वाढविलेल्या पेशींवरच चालतो. ज्या कामाचा पाया कमलताईंनी आपल्या देशात घातला, ते काम अशा रीतीने पुढे चालले आहे.