राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि आपल्या हातातील मूठ

आपल्या लोहार ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीबाहेरच्या सत्पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही बांधव करतील. त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच आमची विनंती आहे. आपल्या धंद्यापुढे आज जी अडचण उभी आहे, तिच्यावरचा उपाय आम्हांस या महापुरुषाच्या जीवनात दिसतो.

अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात दि. ३० एप्रिल १९०९ रोजी बंडोजी व मंजुळाबाई इंगळे यांच्या पोटी महाराजांचा जन्म झाला. पाळण्यातील नाव माणिक. घरची गरिबी, त्यामुळे शाळेचे शिक्षण अल्पच झाले. मात्र भजनाची गोडी उपजत होती. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनीच माणिकाचा तुकड्या केला आणि पुढे तेच नाव सर्वतोमुखी झाले. तरुण वयात महाराजांनी सालबर्डी, रामटेक, रामदिघी या अरण्यप्रदेशांत तपाचरण केले.

मनात आणले असते तर असा विरक्त पुरुष रानातच राहिला असता. महाराज मात्र खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. १९३५ साली अमरावती-नागपूर मार्गावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापिला. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, व्यायाम, व्यसनमुक्ती आणि श्रम यांचे धडे तेथून खेड्यापाड्यांत गेले. १९३६ साली महात्मा गांधींच्या सहवासात वर्ध्याजवळच्या सेवाग्रामी त्यांचे सुमारे महिनाभर वास्तव्य झाले. १९४२ च्या आंदोलनात आष्टी व चिमूर येथे जनता उठली, तेव्हा सरकारने महाराजांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. १९५५ साली ते जपानमधील विश्वधर्म परिषदेस गेले. त्याच वर्षी त्यांची ४१ अध्यायांची ग्रामगीता लोकांपुढे आली. दि. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजातच त्यांनी देह ठेवला. तेथील समाधीपुढे आजही हजारो लोक मौनाने उभे राहतात.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. चाकूसुऱ्यांना सांबराच्या शिंगाची मूठ बसविणे हे एके काळी उत्तम कामाचे लक्षण समजले जाई. गाईम्हशींचे शिंग नखाच्या जातीचे, आतून पोकळ आणि जन्मभर डोक्यावर राहणारे. सांबराचे शिंग हे वास्तविक हाडच असून ते ठराविक काळाने गळून पडते व नव्याने उगवते. त्याच्या पाठीवरच्या नैसर्गिक खाचांमुळे हात ओला असला तरी मूठ निसटत नाही. शिवाय मृगाजिनाप्रमाणे मृगशृंगही पवित्र मानलेले, वैद्याच्या भस्मात जाणारे. त्यामुळे त्याला हात लावण्यास कोणाचा विरोध नव्हता.

परंतु १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि त्याने व पुढील दुरुस्त्यांनी हा मार्ग बंद केला. शिंग रानात गळून पडलेले असले तरी त्याचा व्यापार आता करता येत नाही. आणि वन्यप्राण्यांचे झालेले हाल पाहता ते योग्यच झाले. राहिला पर्याय म्हशीच्या पायाच्या नळीच्या हाडाचा. येथेच आपले घोडे अडते. मेलेल्या जनावराचे हाड आपल्या भट्टीजवळ आणावयाचे कसे, ही शंका अनेक घरांतून अजून गेलेली नाही.

काम तसे अवघड नाही. हाड स्वच्छ करून धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात मंद आचेवर ठेवावे, म्हणजे त्यातील चरबी सुटते. फार उकळू नये, कारण मग हाड ठिसूळ होते. नंतर ते सावलीत पूर्ण वाळवावे. उन्हात तडे जातात. करवतीने पट्ट्या पाडताना धूळ उडते. ती फुप्फुसास घातक असल्याने हाड ओले ठेवावे व नाकातोंडाला फडके बांधावे. मग गोल तोंडाच्या छिन्नीने पट्टीवर उभ्या खाचा घ्याव्यात. त्या एकसारख्या नसाव्यात. कोठे खोल, कोठे उथळ, कोठे तुटक अशा असाव्यात. निसर्ग फूटपट्टी लावून काम करीत नाही.

यानंतर रंग. बाभळीच्या सालीच्या किंवा काथाच्या काढ्यात पट्टी मुरवली की तपकिरी छटा येते. त्यानंतर हिराकसाचे पाणी लावले तर ती काळसर होते. पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणानेही तांबूस-तपकिरी रंग चढतो. रंग वाळल्यावर काचकागद हलकेच फिरवावा. त्याने उंचवटे फिके होतात, खाचा गडद राहतात, आणि सांबराच्या शिंगाचे रूप उमटते. शेवटी जवसाचे तेल वा मेण चोळावे. मात्र विकताना हाडाला हाडच म्हणावे. सांबराचे म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक होय.

चाकूची मूठ हा काही महाराजांच्या भजनाचा विषय नव्हता. पण श्रमाने कोणी हीन होत नाही आणि अस्पृश्यता हे पाप आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. ज्या वर्धा परिसरात ते गांधीजींकडे राहिले, तेथेच १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम चालू होते, आणि नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनी मृत गुरांची कातडी कमावण्याचा उद्योग उभारला होता. मेलेल्या जनावराची कोणतीही वस्तू वाया जाऊ नये व ती हाताळणाऱ्यास समाजाने दूर लोटू नये, असा तेथील विचार होता.

आम्ही ज्ञातिबांधवांस स्पष्टच विचारतो. हाडाचा विटाळ मानून आपण मूठ बसविणे सोडले, तर ते काम यंत्राच्या प्लॅस्टिककडे जाईल आणि आपली मुले छिन्नी विसरतील. आणि ज्यांच्या पूर्वजांनी हे हाड पिढ्यान्‌पिढ्या उचलले, त्यांना आपण मनातून दूरच ठेवले, तर महाराजांची तसबीर सभागृहात लावून काय उपयोग? ज्याने हाड सोलले तो आणि ज्याने पाते घडविले तो, असे दोघे एकाच कामाचे वाटेकरी आहेत. त्यांची बैठकही एकाच सतरंजीवर असली पाहिजे.

पुढील वर्षीच्या मेळाव्यात हाडाची मूठ बसविण्याचे शिक्षण ठेवावे, व त्यास सर्व ज्ञातींच्या तरुणांना बोलवावे, अशी आमची सूचना आहे. गुरुकुंजाच्या प्रार्थनेत कोणाची जात विचारली जात नाही. आपल्या भट्टीपुढेही ती विचारली जाऊ नये. तसे झाले तर या थोर पुरुषाचे स्मरण केल्याचे समाधान आपणांस लाभेल.