कसोटीचा दगड आणि रामन यांचा प्रकाश

असोदा हे माझे गाव. जळगावला लागूनच. बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पेरणीच्या तोंडावर घरात पैशांची ओढ लागली, की आई पाटल्या रुमालात बांधून जळगावच्या सराफ बाजारात जायची. मीही तिचे बोट धरून बरोबर असायचो. सराफ काळ्या दगडावर पाटली हलकेच घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि रेघ किती टिकते ते पाहून सोन्याचा कस सांगायचा. पाटली तोडायची नाही, वितळवायची नाही. पुढे बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसलो, तेव्हाही तोच काळा दगड समोर होता.

वस्तू न मोडता तिची ओळख पटवायची ही विद्या रेणूपर्यंत नेणारा माणूसही मूळचा हिशेबाच्या वह्यांतलाच होता, हे कळले तेव्हा मला फार आपलेपणा वाटला. तो माणूस म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन.

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीला त्यांचा जन्म झाला. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवीत. अठराव्या वर्षीच रामन यांचा पहिला शोधनिबंध विलायतेत छापून आला. पण शिकायला तिकडे जावे, तर प्रकृती नाजूक म्हणून डॉक्टरांनी मनाई केली. मग त्या काळच्या हुशार मुलाने करायचे तेच त्यांनी केले. वित्त खात्याची परीक्षा दिली, पहिले आले आणि १९०७ साली कलकत्त्याला मोठ्या पगारावर रुजू झाले. ट्रामने जाता-येता त्यांना बहुबाजार रस्त्यावर एका संस्थेची पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली स्थापन केलेली ती विज्ञानसंस्था जवळजवळ ओस पडली होती. रामन सकाळी कचेरीआधी आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तिथे प्रयोग करू लागले. मध्येच रंगूनला बदली झाली, १९१० साली आपल्या नागपूरला. बदलीच्या गावीही त्यांनी प्रयोग सोडले नाहीत.

१९१७ साली सर आशुतोष मुखर्जींनी विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ केले. पगार जवळजवळ निम्म्यावर येणार होता. रामन यांनी सरकारी खुर्ची सोडली. बँकेत सारी उमेद घालवून, निवृत्तीवेतन हाती आल्यावर निवांत कादंबऱ्या लिहायला बसलेल्या माझ्यासारख्याला या एका निर्णयाची किंमत चांगली कळते.

१९२१ साली विलायतेहून परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना गाठले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असा तेव्हा समज होता. रामन यांनी बोटीवरच लोलक लावून पाहिले. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असे त्यांचे मत झाले आणि बोट मुंबई बंदरात असतानाच त्यांनी तसे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकासाठी लिहिले.

तो धागा त्यांनी सात वर्षे सोडला नाही. रेणूतले अणू आपापल्या ठेक्यात सतत थरथरत असतात. प्रकाश रेणूवर आदळून परतताना त्या थरथरीपुरती ऊर्जा देतो किंवा घेतो आणि त्याचा रंग किंचित बदलतो. हा बदल म्हणजे त्या रेणूच्या बोटाचा ठसाच. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात तो नक्की हाती लागला. सामग्री जेमतेम दोनशे रुपयांची होती. त्यात शिष्य के. एस. कृष्णन यांचा वाटा मोठा होता. १९३० चे नोबेल मात्र एकट्या रामन यांना मिळाले.

१९३३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात पहिली आलेली एक मराठी मुलगी तिथे प्रवेश मागायला गेली. कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण, पुढच्या कमला सोहोनी. ती स्त्री आहे एवढ्याच कारणावरून रामन यांनी तिला नकार दिला. ती हटली नाही. अखेर वर्षभर काम पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. तिचे काम पाहून रामन यांना आपले मत बदलावे लागले. १९३९ साली तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. रेणू अचूक ओळखणाऱ्या या थोर माणसाला दारात उभी असलेली बुद्धी ओळखता आली नव्हती, हेही त्यांच्या चरित्रात लिहायला हवे.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन गेले. त्यांच्या प्रकाशाची एक अडचण तोवर सुटली नव्हती. तो फार क्षीण असतो. कोटीभर प्रकाशकणांत एखादाच रंग बदलून येतो. १९७४ साली इंग्लंडात साउदम्प्टनच्या संशोधकांना खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा ठसा आश्चर्यकारक ठळक दिसला. धातूचा पृष्ठभागच तो वाढवतो, हे १९७७ साली स्पष्ट झाले.

आज त्यासाठी सोन्याचांदीचे नॅनोकण वापरतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा कणावर प्रकाश पडला, की परातीतले पाणी हिंदकळावे तसे त्यातले इलेक्ट्रॉन एका तालात हिंदकळतात आणि प्रकाशाचा जोर पृष्ठभागाशी एकवटतो. तिथे चिकटलेल्या रेणूचा ठसा लाखो पटींनी उजळतो. थोडा दूर राहिलेला रेणू मात्र मुकाच राहतो. रेणू कणावर उभा बसला की आडवा, यावरही ठसा बदलतो. म्हणून संशोधक त्याचा बारकाईने अभ्यास करतात. हवा तोच रेणू धरणारा थर कणावर चढवतात, कुलपाला किल्ली बसावी तसा. २०१० साली चिनी संशोधकांनी सुवर्णकण भुरभुरवून संत्र्याच्या सालीवरचे कीटकनाशक ओळखून दाखवले. संत्रे म्हटल्यावर मला रामन यांचे नागपूरचे दिवस आठवले.

हे सारे वाचताना एक गोष्ट मनात राहते. ओळख पटायची तर रेणूला पृष्ठभागाशी यावे लागते. कमलाबाई दारातून परत फिरल्या असत्या तर रामन यांना त्या कधीच कळल्या नसत्या. आईची पाटलीही रुमालातच राहिली असती, तर सराफाला तिचा कस कुठून कळला असता?