हिशेबी साहसाचा वारसा : शेठ वालचंद हिराचंद

व्यापाराचे ज्ञान पेढीवर बसून मिळते. परंतु त्या ज्ञानाचा उपयोग करून पुढील वीस वर्षांचा मार्ग आखणे, हे फार थोड्यांना साधते. सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी हे अशा थोड्यांपैकी एक होत. जहाज, विमान, मोटार, साखर आणि बांधकाम अशा पाच भिन्न क्षेत्रांत त्यांनी आपला ठसा उमटविला. त्यामुळे त्यांचे स्मरण बहुधा एक धाडसी स्वप्नद्रष्टा म्हणून केले जाते. ते यथार्थच आहे. तथापि त्या धाडसामागे जे बारकाईचे गणित होते, त्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. कोणताही उद्योग हाती घेण्यापूर्वी, हा व्यवसाय नेमका कोणत्या गोष्टीवाचून अडतो आणि ती गोष्ट आज कोणाच्या हाती आहे, याचा शोध घेण्याची त्यांची वृत्ती होती. त्यांचे यश आणि त्यांचे अपयश या दोहोंचा उलगडा या एका सूत्राने होतो.

दिनांक २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे वालचंदांचा जन्म झाला. घराणे दिगंबर जैन, मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापारानिमित्त दक्षिणेत येऊन सोलापुरात स्थिरावलेले. वडील हिराचंद नेमचंद यांचा सावकारी व कापसाचा व्यापार होता. ते विद्याव्यासंगी व धर्मनिष्ठ गृहस्थ असून ‘जैन बोधक’ या मराठी नियतकालिकाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातेचे छत्र हरपले आणि नातलगांच्या मायेत ते वाढले. १८९९ मध्ये मॅट्रिक झाल्यावर मुंबईचे सेंट झेवियर्स व पुण्याचे डेक्कन या महाविद्यालयांत त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात उतरले.

वडिलोपार्जित व्यापारात त्यांचे मन रमले नाही. याच सुमारास लक्ष्मण बळवंत फाटक या गृहस्थांशी त्यांचा परिचय झाला. फाटक हे रेल्वेतील नोकरी सोडून कंत्राटदारीकडे वळलेले. त्यांना कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांच्या मागे घराण्याची पत होती, पण त्या धंद्याची माहिती नव्हती. एकाचे ज्ञान व दुसऱ्याची पत यांची सांगड घालून ‘फाटक-वालचंद’ ही भागीदारी उभी राहिली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे मार्गाच्या कामाने तिचा आरंभ झाला. जात, भाषा वा आप्तसंबंध न पाहता, आपल्यात जे उणे आहे ते ज्याच्यापाशी आहे त्याला भागीदार करावे, हा पाठ त्यांनी विशीतच गिरविला. पुढे जहाजाच्या धंद्यात नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास, किलाचंद देवचंद यांच्यासारखे सहकारी त्यांनी मिळविले, तेही याच धोरणाने.

कंत्राटी कामात निविदेचा आकडा हाच सर्वस्व असतो. तो जास्त झाला तर काम हातचे जाते. कमी झाला तर काम मिळूनही पेढी बुडते. खडी, चुना, मजुरी, वाहतूक आणि पावसाळ्याने खाल्लेले दिवस या सर्वांचा आधी हिशेब मांडण्याची शिस्त ज्या धंद्यात लागते, त्याच धंद्यात वालचंदांची खरी घडण झाली. १९२० मध्ये टाटांच्या समवेत टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत ते सामील झाले. त्यानंतर बोरघाटातील लोहमार्गाचे बोगदे आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणाऱ्या जलवाहिन्या यांसारखी अवघड कामे तडीस गेली. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्याच परंपरेतील होय. २००९ मध्ये वाहतुकीस खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू याच कंपनीने बांधला.

१९१९ च्या आरंभी दिल्लीहून मुंबईस येताना रेल्वे प्रवासात एक बातमी त्यांच्या कानी आली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी महायुद्धकाळात रुग्णसेवेसाठी घेतलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट विक्रीस निघाली होती. हिंदुस्थानचा माल जगभर जात होता, पण तो नेणारी जहाजे परक्यांची होती. माल पिकविणारा, विकणारा व विकत घेणारा यांपैकी कोणीही असो, भाडे ठरविणारा मात्र निराळाच होता. देशी व्यापाराची किल्ली बंदराच्या धक्क्यावर नसून जहाजाच्या मालकीत आहे, हे वालचंदांनी ओळखले. दिनांक २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली आणि ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबईहून इंग्लंडकडे प्रयाण केले. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होऊ लागला, तो याच सफरीच्या स्मरणार्थ.

येथवरची कथा सर्वपरिचित आहे. तिचा उत्तरार्ध मात्र अधिक बोधप्रद आहे. ‘लॉयल्टी’ ही आगबोट व्यापारी दृष्टीने लाभाची ठरली नाही. ती जुनी व प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेली होती. शिवाय युद्धोत्तर टंचाईमुळे जहाजांच्या किमती चढलेल्या असताना कंपनी या धंद्यात उतरली आणि लवकरच जगभर मालवाहतुकीची भाडी कोसळली. दिशा अचूक होती. वेळ व साधन यांचा अंदाज चुकला होता. १९२३ मध्ये ती आगबोट मोडीत निघाली. पहिल्या जहाजाशी जडलेल्या भावनेपोटी कंपनीने तोटा ओढत ठेवला नाही. मालवाहू जहाजांवर व किनारी व्यापारावर लक्ष केंद्रित करण्यात आले.

त्या किनारी व्यापारात बलाढ्य ब्रिटिश इंडिया कंपनी ठाण मांडून बसली होती. नव्या प्रतिस्पर्ध्याला बुडविण्यासाठी भाडे पाडून टाकण्याचे तंत्र तिने अवलंबिले. या तंत्रापुढे यापूर्वीच्या अनेक देशी कंपन्या टिकल्या नव्हत्या. सिंदिया विकत घेण्याची इच्छाही ब्रिटिश पक्षाने दर्शविली. ती मान्य केली असती तर भागधारकांचे पैसे सुटले असते, पण उद्देशच संपला असता. उलट भाडेयुद्ध चालू ठेवले असते तर गंगाजळी आटली असती. अखेर १९२३ च्या सुमारास दहा वर्षांचा करार झाला. त्यान्वये किनारी मालवाहतुकीत सिंदियाला स्थान मिळाले. परंतु जहाजांच्या एकूण क्षमतेवर मर्यादा आली आणि प्रवासी वाहतूक व परदेशी मार्ग यांचे दरवाजे बंद झाले. या तडजोडीवर त्या वेळी टीका झाली व ती निराधार नव्हती. स्वदेशीचा झेंडा घेऊन निघालेल्या कंपनीने परक्यांची अट मान्य करावी, हे अनेकांना रुचले नाही. परंतु जी कंपनी आज जगेल तीच उद्या झुंजेल, हा विचार येथे निर्णायक ठरला. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. स्वराज्य आले तेव्हा देशाजवळ स्वतःची सुसज्ज जहाज कंपनी होती, ती त्या कटू कराराच्या काळात तग धरल्यामुळेच.

साखर उद्योगातील त्यांची दूरदृष्टी निराळ्या प्रकारची. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथील खडकाळ जमीन त्यांनी १९२३ मध्ये घेतली, तेव्हा हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटावा अशीच तिची अवस्था होती. जाणकारांच्या साह्याने ती सुधारून तेथे उसाचे मळे फुलविण्यात आले. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला आणि जावाहून येणाऱ्या साखरेची स्पर्धा रोखली गेली. त्या क्षणी अनेकांकडे भांडवल होते. वालचंदांकडे जमीन, पाणी आणि ऊस होता. १९३३ मध्ये रावळगावचा कारखाना सुरू झाला. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंबजवळ साखर कारखान्याभोवती वालचंदनगर ही उद्योगनगरी वसली. संधी आल्यावर तयारी करणारा मागे पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एकाच वेळी तीन आघाड्यांवर पाऊल टाकले. बंगळूर येथे म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. जहाजबांधणीसाठी प्रथम कलकत्त्याचा विचार होता. तेथे मनाजोगती जागा न मिळाल्याने विशाखापट्टणमची निवड झाली आणि २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. मोटारीसाठी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार होऊन १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी सहकार्य झाले आणि ‘पद्मिनी’ ही मुंबईच्या टॅक्सीची ओळख बनली. तिचा हा प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला.

या तीन आघाड्यांपैकी दोन त्यांच्या हाती राहिल्या नाहीत. युद्धाची निकड वाढताच १९४२ मध्ये सरकारने विमान कारखान्यातील त्यांचा हिस्सा विकत घेतला. विशाखापट्टणमच्या गोदीतून ‘जलउषा’ हे पहिले जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलार्पण झाले. परंतु परदेशी गोद्यांच्या तुलनेत खर्च अधिक येत असल्याने सरकारी साह्यावाचून ती चालणे कठीण होते. १९५२ मध्ये तिची बहुतांश मालकी शासनाकडे गेली. एकाच वेळी इतके मोठे व्याप आरंभणे एका उद्योगसमूहाच्या शक्तीबाहेरचे होते, असा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. ज्या उद्योगाचा मुख्य ग्राहक सरकार असते, त्याची अंतिम किल्लीही सरकारकडेच राहते; या ठिकाणी त्यांच्या नेहमीच्या सूत्राचा पुरता विचार झाला नसावा. मात्र नफा-तोट्याच्या खतावणीपलीकडे पाहिले, तर हे दोन्ही कारखाने आजही देशाच्या संरक्षणाचे आधारस्तंभ आहेत.

उद्योगाइतकेच त्यांनी संघटनेकडेही लक्ष दिले. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. १९४९ मध्ये पक्षाघाताचा आघात झाला, पुढील वर्षी त्यांनी निवृत्ती पत्करली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांची जीवनयात्रा संपली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव आजही तरुण पिढीच्या ओठी ठेवीत आहे.

काशीमीरा, मीरा रोड व भाईंदर परिसरातील गाळ्यांतून, दुकानांतून आणि लहान कारखान्यांतून समाजाची नवी पिढी आज व्यवसाय सांभाळीत आहे. तिला जहाज वा विमान बांधावयाचे नसेल. परंतु कच्चा माल कोणाच्या हाती आहे, भाव कोण ठरवितो, आपल्यातील उणीव कोणता भागीदार भरून काढील, कोणत्या तडजोडीने धंदा जगेल आणि कोणता तोटा वेळीच सोडून द्यावा, हे प्रश्न तिच्याही समोर रोज उभे असतात. शेठ वालचंदांनी हेच प्रश्न मोठ्या पटावर सोडविले. काही सुटले, काही सुटले नाहीत. त्यांच्या नावाला वंदन करताना त्यांच्या यशाबरोबर हा प्रश्न विचारण्याचा वारसाही पुढे नेला जावा, यातच त्या थोर श्रेष्ठींचे खरे स्मरण आहे.